छर्ऱ्याची रायफल, पावसाळा-हिवाळा वापरल्यावर: नळी झकास, सियर भंगार (खाली अपडेट आहे)

स्प्रिंग-पिस्टनची 4.5 मिमीची ब्रेक-बॅरल रायफल, म्हणजे नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते आणि सुटली की पिस्टन हवेच्या जोराने छर्रा फेकतो. सुटताना छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आतली, म्हणजे 2016च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सची भानगड नाही. वेग, वजन, स्कोपची रेल हे सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते सियरबद्दल, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत पिस्टन अडवून धरणाऱ्या छोट्या तुकड्याबद्दल.

परवा गच्चीवर छर्रा भरून नळी बंद केली आणि ट्रिगरला बोट लागायच्या आत रायफल सुटली. तोंड वाळूच्या पोत्याकडे होतं म्हणून निभावलं. रायफल कपाटात गेली आणि सर्व्हिस सेंटरशी भांडण सुरू झालं. "नॉर्मल वेअर है सर," हेच वाक्य फोनवर, मेलवर, परत फोनवर. वर जुना पार्ट पाठवायचा कुरियरचा खर्च माझ्या माथी. तेवढ्यात इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत चौघांचं पोटभर खाणं होतं.

पाठवण्याआधी सियर सांवेर रोडवरच्या ओळखीच्या टूलरूममध्ये नेला. तिथल्या काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, ही तर प्रेसवर छाटलेली पट्टी. कड बघ." कडेवर दोन पट्टे होते. वरचा साधारण तिसरा हिस्सा चकचकीत, खालचा राखाडी, खरबरीत. पंच पत्र्यात शिरतो तेव्हा धातू आधी कापला जातो आणि मग तुटतो. कापलेला भाग गुळगुळीत येतो, तुटलेला किंचित तिरका आणि दातेरी. वायसरला, बिजागरीला हे चालून जातं. सियरला नाही, कारण दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या एवढ्याशा कडेवर तोललेला असतो आणि पिस्टनच्या खाचेत टेकतो फक्त चकचकीत पट्टा. पैसे पूर्ण जाडीचे घेतले, काम तिसऱ्या हिश्श्यावर!

बरं, पत्र्याचा आहे म्हणून माझी तक्रार नाही. कड ग्राइंडरवर घेतली असती तरी भागलं असतं. फाइन ब्लँकिंग केलं असतं, म्हणजे छाटताना पत्रा भोवतीने घट्ट दाबून धरला असता, तर कड वरपासून खालपर्यंत साफ आली असती. पण काकांनी न झिजलेल्या कोपऱ्यावर कानस चालवली तेव्हा माझं डोकं फिरलं. पाणी देऊन टणक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती सरळ चावली, भुगा पडला. वरून काळं फासलेलं, आत मऊ लोखंड. हीट ट्रीटमेंटवाले माल किलोवर घेतात. नखाएवढ्या तुकड्याच्या वाट्याला त्यातलं किती येणार? ते वाचवलं, आणि जाहिरातीत छापलं "प्रिसिजन ट्रिगर".

नळीबद्दल मात्र बोलायला जागा नाही. हॅमर फोर्जिंगची आहे. आत मँड्रेल (उलट्या ठशाची टणक सळई) घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकत आणतात, त्यातच आट्या (छर्ऱ्याला फिरकी देणारे पिळाचे चर) उमटतात. ही पद्धत जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला मशीनगनच्या नळ्यांसाठी पुढे आली. शिशाच्या छर्ऱ्याला एवढा टिकाऊपणा लागत नाही, इथे ना दारूची आग ना दाब. पण नळी आतून एकसारखी आहे, आणि 10 मीटरवर टेकून मारलं की छर्रे एकमेकांना खेटून बसतात. 10 मीटर रायफल मॅचच्या कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे ही रायफल नेऊ नका. गच्चीसाठी भरपूर आहे.

अपडेट: नवीन सियर आला. अंगावर इजेक्टर पिनचे (साच्यातून तुकडा ढकलणाऱ्या पिनांचे) गोल ठसे, म्हणजे एमआयएम, मेटल इंजेक्शन मोल्डिंग. बारीक धातूची पावडर मेण-प्लास्टिकमध्ये मळायची, साच्यात दाबायची, चिकटा काढून टाकायचा आणि भट्टीत घालायची. तुकडा 15-20 टक्के आकसतो आणि सलग होतो. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने 1990च्या दशकात रिव्हॉल्व्हरचे हॅमर-ट्रिगर असे करायला घेतले, तेव्हापासून शौकिनांच्या तोंडी एमआयएम म्हणजे शिवी. मीही चार शिव्या तयार ठेवल्या होत्या. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब माझ्या भाच्याला शिकवतात, त्यांना दाखवला. म्हणाले, "धक्का खाणाऱ्या पार्टला फोर्जिंग मागा. हा घासला जाणारा पार्ट आहे. फोर्ज करून मऊ सोडला तर तोही झिजेल."

मग भिंग पुन्हा लावलं. कड पूर्ण जाडीभर गुळगुळीत. कानस घसरली, ओरखडासुद्धा नाही. ट्रिगर आता दर वेळी एकाच जागी सुटतो, पूर्वीची करकर गेली. भरून बंद केल्यावर रबरी हातोडीने ठोकून पाहिलं (तोंड पोत्यात खुपसून), सुटली नाही. तेव्हा वर लिहिलेलं "भंगार" जुन्या सियरपुरतंच समजा. घ्यायची असेल तर दुकानातच ट्रिगर ब्लॉक उघडायला लावा आणि सियरची कड बघा. पत्र्याचे दोन पट्टे दिसले तर नवीन लॉट मागा.

भांडण अजून मिटलेलं नाही. जुन्या सियरने पिस्टनची खाच एका बाजूने खाल्ली आहे आणि पिस्टन म्हणे वॉरंटीत बसत नाही. टणक सियर चेपलेल्या खाचेत किती दिवस नीट बसेल याची काकांना शंका आहे, म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघतोय. सध्या तीन स्टार. पिस्टन आणि कुरियरचे पैसे मिळाले तर चौथा देईन.