फोर-बाय-फोरचे ब्रेक पॅड: स्वतः बदलावेत की गॅरेजमध्ये?

ब्रेक पॅड बदलणं सोपं असतं, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. फक्त हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा छोटी गाडी असते. अडीच टनांची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, असली की पॅडचं काम तेच राहतं, पण त्याच्या भोवतीचं सगळं बदलतं. चाक उचलताना कंबर बोलायला लागते, जॅक नेमका कुठे लावायचा याचा विचार करावा लागतो, बोल्ट छोट्या पान्याला दाद देत नाहीत आणि काही गाड्या तर हँडब्रेक ओढलेला असूनही हलू शकतात. म्हणून निर्णय घेताना पॅडपेक्षा या बाकीच्या गोष्टींकडे जास्त बघावं लागतं.

वजनाचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. अडीच टनांची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, तर पॅड आणि ते जिला दाबतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, मिळून सुमारे साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करतात. जवळपास तीन लिटर पाणी उकळीला आणायला तेवढीच ऊर्जा लागते, आणि इथे ती काही सेकंदांत तयार होते. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे काम घरी झालं काय किंवा बाहेर झालं काय, ते अर्धवट होऊन चालणार नाही.

आधी मोजा, मग ठरवा

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. मागची लोखंडी पट्टी या मापात धरायची नाही. चाकाच्या फटीतून डोकावलं तर फक्त बाहेरचा पॅड दिसतो आणि आतला त्याच्याआधी संपलेला असू शकतो. तेव्हा चाक काढूनच बघावं. हे बघणं प्रत्येकाने घरी करावं असं माझं मत आहे, पुढे काम कुणालाही द्या. चाक सुरक्षितपणे काढून परत बसवता आलं, तर अर्ध्या निर्णयाचं उत्तर तिथेच मिळतं.

बघताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पॅडची झीज सारखी आहे का. फरक मोठा असेल किंवा पॅड तिरका झिजला असेल, तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, स्लाइड पिन (जिच्यावर ती सरकते) किंवा पिस्टन (जो पॅड ढकलतो) अडकतोय असं समजा. मग नुसते पॅड बदलून उपयोग नाही, नवेही तसेच जातील. दुसरी म्हणजे डिस्क. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. माप त्याखाली गेलं असेल, खोल चरे पडले असतील किंवा ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कचंही काम निघणार. बहुतेक आधुनिक गाड्यांत कॅलिपर धरून ठेवणारा ब्रॅकेट काढला की डिस्क हबवरून (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून) सरळ बाहेर येते, फार तर गंजाने चिकटलेली असते. पण लँड क्रूझर 80 किंवा जुन्या डिफेंडरसारख्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते. ती काढायची तर हब उतरवावा लागतो, चाकाचं बेअरिंग उघडावं लागतं आणि बसवताना ते पुन्हा मापात घट्ट करावं लागतं. पॅड बदलायला निघालेल्या माणसाने पहिल्याच फेरीत यात पडू नये.

गाडी उचलणं: इथे गॅरेज सरळ पुढे आहे

गॅरेजमध्ये लिफ्ट असते, मेकॅनिक उभ्याने काम करतो आणि चारही चाकं एका वेळी मोकळी असतात. घरी तुमच्याकडे जॅक, दोन स्टँड आणि सपाट, कडक जमीन एवढंच असणार. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चरपुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. गाडीच्या वजनाला पुरतील असे स्टँड लागतातच. ते नसतील तर पुढचा सगळा विचार सोडा आणि गॅरेजला जा. ऑफ-रोडवाल्यांचा तो उंच जॅक चिखलातून गाडी काढायला चांगला, या कामाला अजिबात नको.

फोर-बाय-फोरच्या सस्पेन्शनचा प्रवास लांब असतो. चॅसी उचलत गेलात तर चाक बराच वेळ जमिनीलाच टेकलेलं राहतं आणि गाडी मात्र डुलायला लागते. दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल असेल तर जॅक आणि स्टँड दोन्ही अ‍ॅक्सलखाली लावणं जास्त स्थिर. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागाच वापरायच्या. एअर सस्पेन्शनच्या गाडीत आधी जॅक मोड चालू करावा लागतो, नाहीतर गाडी उचललेली असतानाच ती स्वतःची उंची जुळवायला लागते.

आणि तो हँडब्रेक. जुन्या लँड रोव्हरांत, म्हणजे जुन्या डिफेंडरपासून पहिल्या दोन डिस्कव्हरींपर्यंत, हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) त्या चाकाला फिरू देतो आणि जमिनीवरचं चाकही मोकळं होतं. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून सरकते. उपाय साधा आहे. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे आणि असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना एकत्र बांधणारा सेंटर डिफ लॉक टाकायचा. ठोकळे तसे प्रत्येकच गाडीला लावावेत.

कॅलिपर कोणता आहे?

घरच्या कामाची खरी अवघड-सोपी पातळी यावर ठरते. बऱ्याच गाड्यांत सरकता कॅलिपर असतो. एक किंवा दोन पिस्टन आतल्या बाजूला, आणि अख्खा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर मागेपुढे होतो. एक बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला की पॅड हातात येतात. कॅलिपर पूर्ण काढला तर तो तारेने वर बांधायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. दुसरा प्रकार स्थिर कॅलिपरचा, दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असलेला. टोयोटा प्राडोच्या पुढच्या चाकांना असा चार पिस्टनचा कॅलिपर आहे. इथे कॅलिपर काढावाच लागत नाही. क्लिप सोडवली, आडव्या पिना बाहेर ठोकल्या की पॅड वरच्या बाजूने निघतात. घरी करायला मला हा प्रकार जास्त आवडतो. मात्र एक पिस्टन आत ढकलताना समोरचा बाहेर येतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा पॅड जागेवर ठेवून एकेक बाजू करायची.

पिस्टन मागे ढकलला की ब्रेक ऑइल टाकीत वर येतं. टाकी आधीच काठोकाठ असेल तर ते ओसंडतं आणि रंगावर पडलं तर रंग उठवतं. थोडं आधीच काढून ठेवा. पॅड बदलताना ऑइलची लाइन कुठेच उघडावी लागत नाही, त्यामुळे एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायचा प्रश्न येत नाही. एअर शिरण्याच्या भीतीने लोक या कामाला जास्त घाबरतात, आणि ती भीती इथे लागू नाही. ऑइल जुनं झालं असेल आणि बदलायचं असेल, तर ते वेगळं काम. काही एबीएस गाड्यांत त्याला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, म्हणून ते गॅरेजकडेच द्यावं.

मागची चाकं

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मागच्या कॅलिपरवर मोटर असते. स्कॅनरने किंवा मेन्यूतून सर्व्हिस मोड न लावता पिस्टन जबरदस्तीने ढकलला तर आतली यंत्रणा मोडू शकते. काही कॅलिपरांत हँडब्रेक पिस्टनमध्येच बसवलेला असतो, तो पिस्टन ढकलायचा नसून फिरवत आत न्यायचा. मोठ्या गाड्यांत बरेचदा मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो. तिथे पॅडचं काम पुढच्यासारखंच सरळ होतं. आपल्या गाडीत यातलं काय आहे हे पुस्तकात किंवा खाली वाकून बघूनच ठरवा.

वेळ आणि लक्ष

गॅरेज काम लवकर आटोपतं, घरी पहिल्यांदा अर्धा दिवस धरून चला. पण हाच वेळ घरच्या कामाची जमेची बाजू आहे. स्लाइड पिना बाहेर काढून पुसणं, त्यांना सिलिकोनचं ग्रीस लावणं, ब्रॅकेटमधला गंज तारेच्या ब्रशने खरवडणं, जुन्या क्लिपा टाकून नव्या लावणं ही कामं कुणी घाईत करत नाही. चिखल-पाण्यात फिरणाऱ्या गाडीत पॅड अडकतो तो इथेच. गर्दीच्या दिवशी गॅरेजमध्ये जुने पॅड निघतात, नवे बसतात, पिनांकडे कुणी बघत नाही. गॅरेजलाच द्यायचं ठरलं तर पिना साफ करायला आधी सांगा आणि जुने पॅड परत मागा, म्हणजे झीज कशी होती ते तुम्हालाही कळेल. साधं खनिज ग्रीस मात्र पिनांना लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. आणि डिस्कवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ती नाकात जाते. ब्रेक क्लीनरने धुवावी.

पॅड निवडायची मोकळीक दोन्हीकडे आहे, घरी थोडी जास्त. ट्रेलर ओढणारी, घाट उतरणारी जड गाडी असेल तर सेमी-मेटॅलिक (धातूचा अंश असलेले) पॅड उष्णता चांगली झेलतात, त्या बदल्यात थोडा आवाज आणि काळी धूळ सोसावी लागते. रस्त्यावरच फिरायचं असेल तर सिरॅमिक शांत असतात. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे, यात तडजोड नाही.

मग कुणी काय करावं?

पुढची चाकं, चांगली डिस्क, स्टँड आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा) हाताशी, शिवाय पहिल्यांदा शेजारी कुणी जाणता माणूस असेल तर स्वतः करा. पैसे वाचवायला म्हणून नको, कारण चांगले स्टँड आणि पाना घेताना पहिल्या खेपेची बचत संपते. गाडी पुढेही स्वतः सांभाळायची असेल तरच हा खर्च पटतो. मागे इलेक्ट्रिक ब्रेक, हबला जोडलेली डिस्क किंवा अडकलेला पिस्टन असेल तर गॅरेज. मधला मार्गही वाईट नाही. चाक काढून मोजमाप घरी, पुढचे पॅड स्वतः आणि मागचे बाहेर.

घरी केलंत तर गाडी सुरू करून हलवण्याआधी पेडल पुनःपुन्हा दाबून कडक करा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा, नट समोरासमोरच्या क्रमाने. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये गार व्हायला वेळ द्या आणि तापलेले पॅड डिस्कवर दाबून उभे राहू नका. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पंप करूनही पेडल मऊच राहिलं तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नका, मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा.