पहिला नारळ कोणाला? वर आलेल्या संघाचा मॅनेजर की तापट मालकाचा?

आमच्यात इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने एक चिठ्ठी द्यायची असते: या मोसमात पहिला नारळ कोणत्या मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, मिळणार? पैसे लावत नाही. ज्याचं नाव बरोबर निघेल त्याला बाकीच्यांनी मिसळ खिलवायची, जास्तीच्या स्लाइससकट. चिठ्ठ्या सदाशिव पेठेतल्या एका काकांकडे असतात. ते फुटबॉल बघत नाहीत, म्हणूनच त्यांना पंच केलंय.

यंदा दोन-तीन नवी मंडळी आली आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: खालच्या लीगमधून वर आलेल्या तीन संघांपैकी एक धरू, की ज्याचा मालक डोक्यात राख घालून घेतो असा क्लब धरू? मी दोन्ही करून पाहिलंय. मिसळ एकदाच खाल्ली, त्यामुळे माझा शब्द किती धरायचा ते तुम्हीच ठरवा.

आकडे बघितले तर पहिला पर्याय भक्कम वाटतो, हे आधीच कबूल करतो. 2018 मध्ये फुलहॅमचा योकानोविच, 2020 मध्ये वेस्ट ब्रॉमचा बिलिच, 2021 मध्ये वॉटफर्डचा शिस्को मुन्योस, 2022 मध्ये बर्नमथचा स्कॉट पार्कर, 2023 मध्ये शेफील्ड युनायटेडचा हेकिंगबॉटम. सहा मोसमांत पाच वेळा पहिली गच्छंती वर आलेल्या संघातच झाली. कारणही साधं आहे. ज्या खेळाडूंच्या जिवावर वर आलात त्यांच्याच जिवावर इथे टिकायचं असतं, आणि मॅनेजर बदलणं हे अकरा खेळाडू बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मग अडलं कुठे? तर वर येतात तीन संघ आणि चिठ्ठीवर लिहायचं असतं एकच नाव. माझं घोडं तीन वर्षं इथेच पेंड खात होतं.

2020 मध्ये मी फुलहॅमच्या स्कॉट पार्करचं नाव लिहिलं. गेला बिलिच, तोही मँचेस्टर सिटीच्या मैदानात बरोबरी साधल्याच्या दुसऱ्या दिवशी. पार्कर मात्र संघ खाली गेला तरी मोसमभर खुर्चीत! 2021 मध्ये नॉर्विचचा फार्के लिहिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शिस्को गेला. फार्केलाही काढलं, पण नोव्हेंबरमध्ये, आणि तेही लीगमधला मोसमातला पहिला विजय मिळवला त्याच दिवशी. 2022 मध्ये म्हटलं, आता नीट विचार करू. वर आले होते फुलहॅम, बर्नमथ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. फॉरेस्टने जत्रेत खरेदी करावी तसे खेळाडू घेतले होते, म्हणून त्यांचा स्टीव्ह कूपर लिहिला. पार्कर तेव्हा बर्नमथला होता, पण एकदा हात पोळले होते म्हणून त्याला हात लावला नाही.

हरतालिकेची संध्याकाळ होती. मंडईत केवड्याचा भाव करत होतो, पिशवी एका हातात, फोन दुसऱ्या. मेसेज आला: ‘पार्कर गेला.’ लिव्हरपूलकडून नऊ गोल खाल्ले होते, तीन दिवसांत हिशेब. ज्याला लिहिला तेव्हा हलला नाही, सोडला तेव्हा चार सामन्यांत घरी. केवडेवाली म्हणाली, “घ्यायचाय का नाही?” सांगितलेल्या भावात घेऊन टाकला. आणि कूपर? ऑक्टोबरमध्ये फॉरेस्ट तळाला असताना त्याला नवा करार मिळाला.

घर बरोबर आणि माणूस चुकीचा, हे दुखणं ज्यांना सोसवेल त्यांनी खुशाल वर आलेला संघ धरावा. 2016 पासूनचे दहा मोसम धरले तर निम्म्या वेळा हा अंदाज बरोबर ठरला. पण त्यात तिघांतला एक डोळे मिटून उचलायचा, म्हणजे सहात एकदा लागला तर लागला. कदाचित माझ्यापेक्षा तुमचा हात बरा असेल.

मालकाच्या बाजूला हा घोळ कमी. नाव एकच असतं. वॉटफर्ड वरच्या लीगमध्ये असताना त्यांच्या मालकांच्या, पोझो कुटुंबाच्या भरवशावर चिठ्ठी लिहिणारे आमच्याकडे सुखी होते. 2019 मध्ये झावी ग्रासियाला चार सामन्यांत काढलं, त्याच मोसमात आणखी दोघांना. शिस्को तर दोन्ही रकान्यांत बसतो, संघ वर आलेला आणि मालक पोझो. असा योग पुन्हा दिसला तर चहा संपायच्या आत चिठ्ठी टाका.

खोट याही बाजूला आहे. मालकाशी वाजलेला मॅनेजर कधीकधी आपणच उठून जातो. 2023 मध्ये वूल्व्ह्जच्या लोपेतेगीचं खरेदीवरून बिनसलंय असं वाचलं आणि मी महिनाभर आधीच चिठ्ठी देऊन मोकळा झालो. 8 ऑगस्टला, लीग सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, तो ‘परस्पर संमतीने’ गेला. मी काकांकडे धावलो.

“अहो काका, गेला की तो!”

“संमतीने गेला ना? घटस्फोट आणि हाकलणं यात फरक आहे. शिवाय मोसम सुरू झालेला नाही.”

“मग दुसरी चिठ्ठी देतो.”

“एकदा दिलेली चिठ्ठी परत मिळणार नाही,” म्हणाले आणि दुपारच्या झोपेला गेले. तेव्हापासून मी सलामीच्या सामन्याच्या संध्याकाळपर्यंत चिठ्ठी खिशात ठेवतो. तुमच्यातही हा नियम आधी ठरवून घ्या.

मोठ्या क्लबांचा तिसरा मार्ग सुचवणारे आहेत. टेन हागला मँचेस्टर युनायटेडने जुलै 2024 मध्ये मुदतवाढ दिली आणि 28 ऑक्टोबरला काढलं. एखाद्या वर्षी जमतं, पण तिथे नाव इतकं उघड असतं की पाच जणांच्या चिठ्ठ्या सारख्या निघतात आणि मिसळ वाटून खावी लागते.

माझा काटा झुकला तो मे 2025 मध्ये. फॉरेस्टची लेस्टरशी 2-2 बरोबरी झाली आणि मालक मारिनाकिस थेट मैदानात उतरले. गवतावर उभे राहून मॅनेजर नुनोशी हातवारे करत बोलताना टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. नुनोने त्या मोसमात संघाला सातव्या क्रमांकावर नेलं, जूनमध्ये 2028 पर्यंतचा करार झाला, पण माझ्या डोळ्यांसमोरून ते हातवारे जाईनात. चिठ्ठीवर नुनो लिहिला. सगळे हसले. सातव्या नंबरवाल्याला कोण काढतं?

9 सप्टेंबरच्या पहाटे बातमी आली, तीन सामन्यांनंतर. विसर्जनाची मिरवणूक आटोपून दोनच दिवस झाले होते, अख्खं शहर झोप भरून काढत होतं आणि मी एकटा जागा होऊन फोन बघत होतो. नुनोच्या जागी आलेल्या पोस्टेकोग्लूची खुर्ची 39 दिवस टिकली. धनत्रयोदशीला आम्ही दिवे लावत होतो तेव्हा चेल्सीकडून 0-3 हार झाली, आणि शिट्टी वाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्यांनाही नारळ.

एका शितावरून भाताची परीक्षा करू नये म्हणतात, मीही करत नाही. तरी तुमच्याकडे पहिला कोण एवढाच प्रश्न असेल तर मी गुणतक्त्याआधी मालकांच्या बॉक्सकडे बघेन. मोसमात कोणकोण जाणार अशी यादी द्यायची असेल तर मात्र वर आलेले तिघे घ्या, तिथे फार चुकणार नाही. काही ठिकाणी सारख्या चिठ्ठ्यांमधली बरोबरी फोडायला गच्छंतीची तारीख विचारतात, तेव्हा देशांच्या सामन्यांसाठी लीग थांबते ती सुट्टी पकडा. ग्रासिया, योकानोविच, नुनो असे कितीतरी त्याच दिवसांत गेले, कारण नव्या माणसाला सरावाला वेळ मिळतो.

नुनो मग त्याच महिन्यात वेस्ट हॅमला गेला. ज्या ग्रॅहम पॉटरच्या संघाने फॉरेस्टला त्यांच्याच मैदानात 0-3 हरवून नुनोचा शेवट जवळ आणला होता, त्याच पॉटरला काढून. काकांना हे सांगितलं तेव्हा मिसळीचा रस्सा ओतून घेत त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता यांची नवीन चिठ्ठी करायची का?”