सहा विभाग, सहा बिलं आणि एकच पान

मागच्या आठवड्यात एका डाळमिलच्या मॅनेजरचा फोन आला. "भाऊ, त्या इंट्रानेटवाल्याने तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं. काम कसं आहे त्याचं?" ज्याने आम्हाला इंट्रानेट, म्हणजे फक्त कंपनीच्या आत चालणारी साईट, बनवून देतो सांगून दोन लाखांना टोपी घातली, तो आता आमच्याच नावावर गिऱ्हाईक शोधतोय! म्हणून हे लिहायला बसलो.

जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना, मी अकाउंट्सला. खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, डिस्पॅच, एचआर आणि आम्ही असे सहा विभाग. कारभार सगळा व्हॉट्सअॅपवर. चटईला लागणाऱ्या प्लास्टिक दाण्याचा दर एका ग्रुपवर, लूम बंद पडल्याची खबर दुसऱ्यावर, सुटीचे अर्ज तिसऱ्यावर. शेटजी वैतागले आणि म्हणाले, सगळं एका जागी आणा.

माणूस आला तो ओळखीतल्या कोणाचं तरी नाव सांगत. बोलायला गोड, मोठ्यांना आप्पा, बाकीच्यांना दादा. पण सहाही विभागांना त्याने एकदाही एकत्र बसू दिलं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. "प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून मॉड्यूल वेगळं," असं म्हणायचा. आणि म्हणून बिलही वेगळं, एका मॉड्यूलचे 35,000. आमच्याकडे खरेदी आणि स्टोअरचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य, कोण कोणाला विचारणार? प्रत्येकाने आपल्या टेबलावर डेमो पाहिला, वर आपल्या विभागाचं नाव झळकलेलं पाहून खूश झाला आणि 'काम पूर्ण मिळाले' वर सही ठोकली. मीही ठोकली.

बिंग फोडलं ते डिस्पॅचच्या बापूंनी. ते मूळचे साक्रीकडचे. गेटपासचा फॉर्म उघडला, तर तो रजेचं कारण विचारायला लागला. बापू ओरडले, "ट्रकले कोणती रजा देऊ भो?" सगळे हसलो. मग सहाही पानं शेजारी शेजारी उघडली आणि हसू मावळलं. एकच पान होतं. सहा वेळा उतरवलेलं, फक्त वरचं नाव बदललेलं. एचआरचा फॉर्म डिस्पॅचमध्ये बदलायचा राहून गेला, एवढीच त्याची चूक.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने पानावर राइट क्लिक करून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला, तर जागोजागी 'डब्ल्यूपी-कंटेंट'. म्हणजे वर्डप्रेस, वेबसाईट बनवायचं, 2003 पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. वर्डप्रेस वापरणं गुन्हा नाही. त्यावर नीट काम करून देणाऱ्याने मेहनतीचे पैसे जरूर घ्यावेत. पण याने "स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर" म्हणून विकलं होतं, तेही सहा वेळा.

त्याहून वाईट गोष्ट मला घरी जेवताना कळली. साईट त्याने कंपनीच्या आत ठेवलीच नव्हती, उघड्या इंटरनेटवर टाकली होती. लॉगिनचं पान होतं, पण अपलोड केलेल्या फाईलचा पत्ता माहीत असला की पासवर्डशिवाय ती उघडते. एचआरने टाकलेलं पगारपत्रक मी शेवभाजीचं ताट समोर ठेवून मोबाईलवर वाचलं. घास उतरेना.

आता माझी स्वतःची लाज. बिलांवर 18 टक्क्यांनी 37,800 जीएसटी लावला होता. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे विकणाऱ्यांनी सरकारकडे दाखवलेल्या आपल्या खरेदी बिलांचा तक्ता येतो, त्यात ही बिलं दिसलीच नाहीत. "सीए भरतोय दादा," म्हणत त्याने दोन महिने काढले. जीएसटी पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी रद्द. दाण्याच्या प्रत्येक व्यापाऱ्याचा नंबर मी तपासतो, पण याचा तपासला नाही, कारण तो कॉम्प्युटरवाला!

पासवर्ड मागितले तर म्हणाला, हस्तांतराचे 40,000 होतील. डोमेन म्हणजे साईटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे साईट ठेवायची जागा, दोन्ही त्याच्या ईमेलवर. कंपनीचा ईमेल देऊन ती आपल्या नावावर घ्यायची असतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. वकिलांकडे गेलो. पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं कलम 318. पण त्यांनी आधी विचारलं, काम मिळाल्याच्या सह्या कोणाच्या? सहाही आमच्याच. नोटीस गेली आहे, पैसे आलेले नाहीत.

शेवटी शेटजींनी सहाही जणांना एका खोलीत कोंडलं. दोन तास भांडण झालं आणि त्यातून निघालं की वेगळं मॉड्यूल कोणालाच नको होतं. चौघांना एकच आकडा हवा होता, आज गोदामात किती बंडलं आहेत. आता तो आकडा ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, आतल्या नेटवर्कवरच दिसतो. बाहेरून उघडत नाही. भाच्याने उन्हाळी सुटीत बसवून दिला.

डाळमिलवाल्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मी विचारलं, "डेमो झाला का तुमच्याकडे?"

"स्टोअरचा झाला काल," तो म्हणाला. "खरेदीचा उद्या आहे."