पायथनच्या स्ट्रिंग आणि लिस्ट, काही महिने रोज वापरल्यावर

क्लास वगैरे लावला नाही. पायथन, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, फुकटच आहे, लॅपटॉपवर टाकलं आणि फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयाची सदस्यांची यादी पुढ्यात घेतली, कारण सफरचंद-केळ्यांच्या लिस्टी करून कोण किती दिवस शिकणार. पावसाळ्यापासून हेच चाललंय, आता बोलायला हरकत नाही. स्ट्रिंग म्हणजे कोटमध्ये लिहिलेला मजकूर, लिस्ट म्हणजे ओळीने ठेवलेल्या गोष्टींची यादी.

यादी आलेली व्हॉट्सअ‍ॅपवर, नाव, गाव, फोन, मध्ये स्वल्पविराम, बाकी ज्याची त्याची पद्धत. स्प्लिट, म्हणजे स्वल्पविरामावर तोड, म्हटलं की एका ओळीची तीन तुकड्यांची लिस्ट हातात, हे पहिल्यांदा बघताना भारी वाटतं. पण तुकड्यांना स्पेस चिकटून येते आणि पायथनला 'कवळे' आणि पुढे एक स्पेस असलेलं 'कवळे' ही दोन वेगळी गावं. म्हणून स्प्लिटनंतर लगेच स्ट्रिप, म्हणजे कडेच्या स्पेस काढणं, हे हाताला लावूनच घ्यायचं. मडगाव आणि मडगांवसाठी रिप्लेस, म्हणजे एकाच्या जागी दुसरं.

आता खरी गोष्ट. स्ट्रिंग बदलत नाही. स्ट्रिप, रिप्लेस काहीही करा, मूळ तशीच राहते आणि नवीन स्ट्रिंग मिळते, ती नावाला परत दिली नाही तर गेली. लिस्टचं उलटं, अपेंड (शेवटी भर घालणं) आणि सॉर्ट (क्रम लावणं) जागच्या जागी लिस्टच बदलतात आणि परत काहीच देत नाहीत, म्हणजे सॉर्टचं उत्तर एखाद्या नावात (व्हेरिएबलमध्ये) ठेवलं तर तिथे नन (None), म्हणजे 'काहीच नाही', बसतो. मूळ यादी तशीच हवी असेल तर सॉर्टेड, ते क्रम लावलेली नवी लिस्ट देतं. आणि ब = अ लिहिलं म्हणजे दुसरी लिस्ट झाली असं नाही, शाळेतलं नाव आणि घरातलं नाव, माणूस एकच, खरी वेगळी प्रत हवी तर कॉपी. बहुतेक व्हिडिओ हे दोन मिनिटांत उरकतात आणि पुढे गेम करायला लावतात, मला ते पटत नाही, इथेच आठवडाभर थांबायला पाहिजे.

लिस्टचे तुकडे जोडून एक स्ट्रिंग करणाऱ्या जॉइनची रचना मात्र अजून डोक्यात जाते. आधी जोडणारा स्वल्पविराम लिहायचा, मग जॉइन, मग कंसात लिस्ट, आणि लिस्टमध्ये एखादा आकडा असला की एरर. लूप, म्हणजे एकेका नावावरून फिरणं, चालू असताना त्याच लिस्टमधून रिमूव्ह करू नका, मधली नावं तपासायचीच राहतात. जुने सदस्य गाळायला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे हवी तेवढीच नावं घेऊन नवी लिस्ट, बरं, एका ओळीत काम होतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. 'म्हार्दोळ' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, लांबी मोजणारं लेन सांगतं ९, कारण काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे प्रिंटमधले कॉलम वाकडे येतात आणि पहिलं अक्षर घ्यायला गेलं तर नुसता म. 'पणजी'ला इझअल्फा, म्हणजे सगळी अक्षरंच आहेत का, विचारा, फॉल्स (नाही) म्हणतं, वेलांटी त्याच्या लेखी अक्षरच नाही! सॉर्टमध्ये कळंगुट कवळ्याच्या आधी येतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ हा व च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. सॉर्टेडला key म्हणून आपलं फंक्शन, म्हणजे क्रम ठरवायचा नियम, देऊन हे सुधारता येतं, मी केलंय, पण सुरुवातीच्या माणसाला ते जड जाईल. एक मात्र मस्त, स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या इंटला '१२३' असे मराठी आकडे दिले तरी बरोबर १२३ होतात. फोन नंबर मात्र स्ट्रिंगच ठेवा, इंट केलं की सुरुवातीचा शून्य जातो, गाडीच्या नंबरातल्या जीए नंतरच्या ०५ चंही तेच.

लिस्टला माझ्याकडून पाचपैकी पाच. स्ट्रिंगला इंग्रजीत पाच, मराठीत साडेतीन. ज्यांच्याकडे खरीखुरी घाणेरडी यादी आहे, सोसायटीची, भजनी मंडळाची, दुकानाच्या उधारीची, त्यांनी नक्की शिकावं. ज्यांना फक्त बेरीज हवी त्यांनी एक्सेलच वापरा, उगाच त्रास कशाला. कदंबा बसमध्ये मोबाईलवर सराव होतो का असं कुणीतरी विचारलं होतं, वाचायला ठीक आहे, पण कोट आणि चौकोनी कंस टाईप करताना फोंडा-पणजी रस्त्यावर बोटं थाऱ्यावर राहत नाहीत.