407ला दुसरं इंजिन बसवलं, त्याला आता नऊ महिने झाले

आमची टाटा 407, म्हणजे छोटी मालवाहू गाडी, आहे 2001ची. अण्णांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. ती भंगारात जाऊ द्यायची नाही, हे पक्कं होतं. म्हणून आधी तिचं मूळ इंजिनच उभं करायला गेलो. दोनदा.

पहिल्या कामात पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन घातलं आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, ग्राइंड करून 0.50 अंडरसाइझवर आणली, म्हणजे 0.50 मिलिमीटरने बारीक केली. साडेतीनशे किलोमीटरवर तिसऱ्या रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं. खोलल्यावर कारण कळलं. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे, म्हणजे तेलाच्या वाटांचे, प्लग काढून आतून धुतलंच नव्हतं, जुना धातूचा बुरा तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगवर गेला होता. दुसऱ्या खेपेला क्रँक 0.75वर गेली आणि इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशर पडू लागलं. मेन बेअरिंगची लाइन हललेली निघाली, म्हणजे क्रँक ज्यांत फिरते त्या जागा एका रेषेत राहिल्या नव्हत्या. लाइन बोअरिंग करून, म्हणजे त्या पुन्हा सरळ रेषेत कोरून, भागलं असतं, पण हेड बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी चीर सापडली. मिस्त्री म्हणाले, "दादा, आता ह्यात पैसा घालू नका." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग दुसऱ्या गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन शोधायला लागलो. आमच्या गाडीला लागतं ते 497. 497 म्हणजे चार सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी). 100 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरून 2956 सीसी. टर्बोवालं 497 कमी पैशात मिळत होतं, पण त्याला मॅनिफोल्ड, सायलेन्सरचा पाइप, कागदपत्रं सगळंच बदलावं लागलं असतं. ते सोडलं. कोल्हापूर, पुणे आणि कुर्ला मिळून चार इंजिनं पाहिली. एका ठिकाणी पोचलो तर ब्लॉक हाताला कोमट लागला, म्हणजे आमच्या आधीच चालू करून ठेवलेलं. तिथून तसाच परतलो. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑइल भरायचं झाकण काढून बघा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा गेल्यात. मी घेतलेल्या इंजिनाचा चेंबरही (खालचं तेलाचं भांडं) विक्रेत्याने उतरवू दिला. एक रॉड कॅप काढली, बेअरिंगवर तांबडा थर दिसत नव्हता, म्हणजे ते झिजलेलं नव्हतं. त्यावरच सौदा केला. इंजिन 58 हजारांना पडलं.

त्याचा डिझेल पंप मात्र खराब निघाला. तेव्हा आमच्याच जुन्या इंजिनाचा पंप कॅलिब्रेशन करून (डिझेलचं माप बरोबर लावून) त्यावर चढवला, नोझलही तेच. अण्णांच्या गाडीचा एवढा तरी भाग चालता राहिला, याचा मला फार आनंद आहे.

कागदांना कंटाळू नका. विक्रेत्याचं बिल आणि ज्या गाडीचं इंजिन होतं तिच्या आरसीची प्रत घ्या. आरटीओत नवा इंजिन नंबर आपल्या आरसीवर चढवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर विमा अडतो. माझे यात तीन हेलपाटे आणि सहा आठवडे गेले.

नऊ महिन्यांत गाडी साडेबारा हजार किलोमीटर चालली. कोल्हापुरातून गूळ घेऊन रत्नागिरीला जायचं, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन परत यायचं. साखरप्याहून आंबा घाट चढताना जुनं इंजिन वर पोचेपर्यंत दोनदा थांबवावं लागायचं. हे एप्रिलच्या दुपारीही भरल्या गाडीने न थांबता चढलं. ॲव्हरेज नऊच्या आसपास पडतं. दर पाच हजारांना 15डब्ल्यू40 ऑइल आणि फिल्टर बदलतो. पहिला बदल मात्र पाचशेलाच केला, आणि फिल्टर कापून आत बुरा नाही ना ते बघितलं.

तक्रार एकच. मागच्या ऑइल सीलमधून रात्रभरात रुपयाएवढा डाग पडतो. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, म्हणून दिवाळीनंतर क्लच प्लेट बदलताना सीलही घालून घेणार आहे.