रायझन ५ ७६००: मधल्या बजेटच्या डेस्कटॉपसाठी कसा, आणि त्याच्या जोडीला काय घ्यावं

एएमडीचा रायझन ५ ७६०० हा डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यानंतर पुढची पिढीही बाजारात आली. तरीही गेमिंग, ऑफिसचं काम, डीटीपी आणि थोडंफार फोटो-व्हिडिओ अशा मिश्र वापरासाठी मशीन असेंबल करायचं असेल, तर माझी पहिली पसंती अजून यालाच आहे. वेग तर चांगला आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. हा प्रोसेसर बाकीच्या पार्ट्सवर खर्च लादत नाही. वाचलेले पैसे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारं युनिट) आणि रॅममध्ये घालता येतात, आणि असेंबल केलेली मशीन बहुतेक वेळा तिथेच मार खातात.

सहा कोर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), बूस्ट म्हणजे कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत. बॉक्सवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. त्याचा भाऊ ७६००एक्स १४२ वॅटपर्यंत जातो, बूस्ट जेमतेम ५.३ गिगाहर्ट्झ देतो आणि बॉक्समध्ये कूलर नसतो. एवढ्याशा फरकासाठी जास्तीचे पैसे, वेगळा कूलर आणि उन्हाळ्यात खोलीत वाढणारी उष्णता हा सौदा परवडत नाही. ७६०० सोबत रेथ स्टेल्थ नावाचा कूलर येतो आणि त्याच्यावर थर्मल पेस्ट लावलेलीच असते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे आतलं ग्राफिक्स. त्यावर गेम खेळायची अपेक्षा ठेवू नका, पण डिस्प्ले येतो, फोर-के व्हिडिओ चालतो, आणि ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं तरी काम थांबत नाही. थोड्या कमी पैशांत मिळणाऱ्या ७५००एफ मध्ये हे ग्राफिक्स नाही. मग डिस्प्ले आला नाही की दोष कार्डाचा, रॅमचा की बोर्डाचा हे घरबसल्या कळायला मार्ग उरत नाही. ८६००जीचा आकडा मोठा दिसतो म्हणून काही दुकानांत तो ‘नवीन’ म्हणून सुचवला जातो. त्याचं आतलं ग्राफिक्स खरंच बरं आहे, पण एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि ग्राफिक्स कार्डाला डेटाच्या आठच लेन मिळतात (७६०० वर सोळा). कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर तो घ्या, नाहीतर नको.

एका वर्गाला मात्र मी ७६०० सुचवणार नाही. लग्नाचं शूटिंग करून स्वतः एडिट करणारे. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ मध्ये ४:२:२, १०-बिट (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज देतात. ते हार्डवेअरवर डीकोड करण्याची सोय या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये नाही, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओ यंत्रणेत आहे. टाइमलाइन अडखळली की सगळे रॅमला दोष देतात, पण अडचण डीकोडिंगची असते. या कामाला ग्राफिक्ससह येणारा इंटेलचा कोअर आय५ घ्या. मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ नसल्याची खात्री करा. दुसरा पर्याय म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड, त्यात एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय दिली आहे.

मदरबोर्डसाठी माझा साधा नियम असा की या प्रोसेसरला त्याच्यापेक्षा महाग बोर्ड लावू नये. ८८ वॅटच्या प्रोसेसरला अवाढव्य व्हीआरएम (बोर्डावरचा, प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) लागत नाही. साधा बी६५० बोर्ड पुरतो, फक्त तीन गोष्टी बघा: व्हीआरएमवर हीटसिंक, किमान दोन एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची जागा), आणि मागे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण फार कामाचं. पुढे एएम५ सॉकेटचा (७६०० चं सॉकेट हेच) नवा प्रोसेसर घेतलात आणि बोर्डाचं बायोस जुनं असलं, तर फक्त एसएमपीएस जोडून, एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतं. फाइलचं नाव मात्र बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेच द्यावं लागतं, नाहीतर दिवा दोन-चार वेळा लुकलुकतो आणि पुढे काही होत नाही. ए६२० बोर्ड स्वस्त असतो आणि ७६०० त्यावर नीट चालतो, पण पुढे आठ किंवा बारा कोरचा प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर तिथे पैसे वाचवू नका. बोर्ड कोणताही असो, विंडोज टाकायच्या आधी बायोस अपडेट करा. २०२३ मध्ये एएमडीचे काही एक्स३डी (जादा कॅशवाले) प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग) व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि त्याआधीच्या बायोसमध्ये ती नाही.

रॅम हा सध्याचा सगळ्यात दुखरा खर्च. एएम५ वर डीडीआर५ च लागते, जुनी डीडीआर४ चालत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जोरात चढले, कारण उत्पादकांनी आपली क्षमता डेटा सेंटरच्या मेमरीकडे वळवली. घ्यायची तर १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० एमटी (वेग), सीएल३० (प्रतिसादाचा उशीर, कमी तितका चांगला), एक्स्पो प्रोफाइलवाल्या (बायोसमध्ये हे चालू केलं की रॅम छापील वेगाने चालते). सीएल३६ ची किट बरीच स्वस्त मिळत असेल तर तीही चालेल, रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. बजेट बसत नसेल तर आज १६ ची एकच स्टिक घ्या आणि तंतोतंत तेच मॉडेल नंतर जोडा. तोपर्यंत मेमरीची बँडविड्थ निम्मीच मिळेल आणि गेममध्ये ते जाणवेल. शिवाय मॉडेल तेच असलं तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात, म्हणून दुसरी स्टिक लावल्यावर शेवटी दिलेली मेमरी टेस्ट पुन्हा करावी लागेल. तरीही आठ-आठच्या दोन स्टिक घेऊन पुढे चार करण्यापेक्षा हे बरं. चार स्टिक लावल्या की या प्रोसेसरचा अधिकृत मेमरी वेग ५२०० वरून थेट ३६०० वर येतो. दुकानदार ‘चारही स्लॉट भरून घ्या’ म्हणाला तरी दोनवरच थांबा.

आता एसएमपीएस. कोटेशन बघितलं तर प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी यांची पूर्ण नावं असतात आणि या ओळीत नुसतं ‘एसएमपीएस ५०० वॅट’ असतं. नफा तिथूनच काढला जातो, म्हणून मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय कोटेशन मान्य करू नका. माल हातात आला की बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या खाली दिलेल्या अँपिअरला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच लाइनवर जगतात, त्यामुळे खरी ताकद तीच. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एखाद्या ‘५०० वॅट’वर १८ अँपिअर छापलेले असतील, तर तो २१६ वॅटचा माल आहे. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे सुमारे ५४० वॅट. ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आत ओव्हरकरंट, शॉर्ट सर्किट आणि तापमानाची संरक्षणं आहेत का, ते वेगळं तपासावं लागतं. आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५ वॅट, ५०६० टीआय म्हणजे १८० वॅट. अशा कार्डासोबत ७६०० असेल तर चांगलं ५५० ते ६५० वॅटचं युनिट भरपूर झालं. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्याच केबल वापरा. जुन्या युनिटची केबल नव्यात बसते, पण युनिटच्या बाजूची पिन-रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क एका क्षणात जातात.

यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा. ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला आणि मॉनिटरला १००० ते ११०० व्हीए घ्यावा. स्वस्त यूपीएसची वेव्ह शुद्ध साइन नसते, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस बॅटरीवर जाताच बंद पडतात. याची खात्री घरीच होते: गेम किंवा बेंचमार्क चालू ठेवा, कुठलीही फाइल उघडी ठेवू नका, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन रीस्टार्ट झालं तर ही जोडी जमणार नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष मशीनचा नाही, अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल दोन्हींना बॉडीशी जोडतात. अर्थ नसली की बॉडीवर जवळजवळ ११५ व्होल्ट बसतात. करंट नगण्य असतो, पण पोर्टमध्ये केबल घालता-काढताना तो यूएसबी आणि एचडीएमआय खराब करू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर नको. टू-पिन अॅडॉप्टर तर अजिबात नको.

कूलिंगचा निर्णय तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. पुण्या-नाशकात रेथ स्टेल्थवर वर्षभर भागतं, आवाज थोडा होतो. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ९५ अंशांच्या मर्यादेला टेकतो. तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो. फुकटातला उपाय म्हणजे बायोसमधला ४५ वॅटचा इको मोड. त्यात कमाल वापर ८८ वरून ६१ वॅटवर येतो आणि गेममध्ये तोटा फारसा दिसत नाही. पैसे घालायचे तर डीपकूल एके४०० सारखा सिंगल टॉवर पुरेसा आहे. तो १५५ मिमी उंच आहे, कॅबिनेटमध्ये किमान १६० मिमी जागा बघा. या प्रोसेसरला लिक्विड कूलर म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

एसएसडीबद्दल थोडक्यात: जेन ४ एनव्हीएमई, १ टीबी, टीएलसी (मेमरी चिपचा प्रकार). एसएसडीवर स्वतःची डीरॅम नसली तरी चालेल, क्यूएलसी (स्वस्त, कमी टिकाऊ चिप) मुख्य ड्राइव्ह म्हणून नको. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या एम.२ स्लॉटमध्ये लावा आणि हीटसिंकखालच्या थर्मल पॅडची प्लास्टिक फिल्म काढा. ती तशीच राहिलेली मशीन दुरुस्तीला नेहमी दिसतात.

जोडणीत बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात, सगळ्या मिळून १७१८. सॉकेटवरचं काळं प्लास्टिक कव्हर आधी काढू नका. प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून अलगद ठेवा, लिव्हर दाबा, कव्हर आपोआप उडून येतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना मागतात. रेथ स्टेल्थ लावायला सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिक ब्रॅकेट काढावे लागतात. मागची प्लेट जागेवरच राहते. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन आटे असे आळीपाळीने आवळा.

दुसरी जागा म्हणजे पहिला पॉवर-ऑन. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हवी. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची सीपीयू केबल लावली आहे ना ते बघा. ती आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल वेगळी, जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवू नका. बटण दाबल्यावर पंखे फिरतील, बोर्डावर ‘डीरॅम’चा (म्हणजे रॅमचा) दिवा लागेल आणि स्क्रीन काळीच राहील. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ वर पहिल्यांदा याला काही मिनिटं लागतात. इथे घाबरून मशीन बंद केलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून, आणि मग ‘बोर्ड डेड आहे’ म्हणून तो दुकानात परत जातो. पंधरा मिनिटं थांबा. तरीही काही नाही आलं तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. मॉनिटरची केबल कार्डात आहे की बोर्डात, तेही बघा.

खरेदीत एक गोष्ट पक्की करा: प्रोसेसर बॉक्स पॅक आहे की ट्रे (बॉक्सशिवाय सुटा). बॉक्सला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेची जबाबदारी फक्त विकणाऱ्याची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात आणि भाव विचारताना हा फरक कुणी आपणहून सांगेलच असं नाही. जीएसटीच्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या.

मशीन सुरू झालं की माल बदलून मिळण्याच्या मुदतीतच टेस्ट उरका. एक्स्पो चालू करून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, ३२ जीबीला बरेच तास लागतात. मग प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची मल्टी-कोर टेस्ट. ७६०० चा स्कोअर १४ हजारांच्या आसपास यायला हवा. बराच कमी आला तर आधी कूलर नीट बसलाय का ते बघा. मेमटेस्टमध्ये एकही एरर चालवून घेऊ नका. आधी एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. एरर गेल्या तर वेग ५६०० वर आणून बघा. नाही गेल्या तर एकेक स्टिक प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून वेगळी तपासा, आणि कोणत्या सिरियल नंबरच्या स्टिकवर एरर आली त्याचा स्क्रीनसकट फोटो काढून ठेवा. बदली मागताना दुकानदारापुढे तोच ठेवायचा.