लाल फिल्टर लावल्यावर कोणत्या मीटरचं ऐकायचं?

कृष्णधवल फिल्मवर रंगीत फिल्टर लावला की एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, वाढवावं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते कुणाच्या भरवशावर वाढवायचं, हा प्रश्न. फिल्टरमधूनच बघणाऱ्या कॅमेऱ्यातल्या मीटरच्या, की हातातल्या मीटरने प्रकाश मोजून त्यात ठरलेले स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) मिळवायचे? मी बरीच वर्षं दोन्ही करून पाहिलं.

पिवळ्या फिल्टरसाठी फार डोकं शिणवू नका. एका स्टॉपचा मामला, कॅमेरा सांगेल ते घ्या. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातल्या गर्दीत घटकेत ऊन, घटकेत सावली. हातातला मीटर बाहेर काढेपर्यंत समोरचं चित्र निघून गेलेलं असतं.

खरी अडचण लालची. थंडीतल्या एका सकाळी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर महालाची दक्षिणेकडची भिंत टिपत होतो. पहिल्या फ्रेममध्ये निळंभोर आकाश जास्त घेतलं. लाल काचेतून ते काळवंडतं, म्हणून मीटरला वाटलं प्रकाश कमी आहे आणि त्याने एक्सपोजर वाढवायला सांगितलं. मग चार पावलं पुढे जाऊन नुसता दगड घेतला. तो पिवळसर-तांबूस वालुकाश्म लाल काचेतून उजळतो, तर मीटर म्हणाला, कमी करा. ऊन तेच, भिंत तीच, आणि दोन फ्रेममध्ये जवळजवळ दोन स्टॉपचा फरक! घरी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तर पहिल्या फ्रेममधलं आकाश दाट, म्हणजे प्रिंटवर राखाडी. ज्याच्यासाठी लाल फिल्टर लावला, तेच हातचं गेलं. रोलभर हीच कथा. दर प्रिंटला नवी टेस्ट स्ट्रिप (एक्सपोजर ठरवायला कागदाची चाचणीपट्टी) कापता कापता माझं मन त्या मीटरवरून उडालं.

हातातला मीटर पांढरा घुमट लावून पडणारा प्रकाश मोजतो. समोर आकाश आहे की दगड, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आयएसओ (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० ची फिल्म, लखलखीत ऊन: १/५०० सेकंदाला एफ १६ इतकं छिद्र. लालचा फॅक्टर ८, म्हणजे आठपट प्रकाश, म्हणजेच तीन स्टॉप: १/१२५ ला एफ ११. पुढच्या खेपेला असं केलं, तेव्हा त्या भिंतीवरच्या निळ्या फरशांचे पट्टे काळेभोर आले आणि त्यांच्यातली पिवळी बदकं पांढरी होऊन उठून दिसली.

हा हिशेबही अगदी बिनचूक नाही. सावलीत येणारा प्रकाश आकाशाचा, निळसर. लाल काच तो अडवते, म्हणून झरोक्यांतलं काही दिसायला हवं असेल तर मी आणखी अर्धा स्टॉप देतो. उलट मावळतीचं ऊन मुळातच तांबूस, तेव्हा दोन-अडीच स्टॉप पुरतात. कॅमेऱ्यातला मीटर हे काही अंशी आपोआप धरतो, हे मान्य. पण लाल रंग त्याच्या सेलला जितका जाणवतो, तितकाच फिल्मला जाणवेल असं नाही. तुमचा कॅमेरा कदाचित जास्त गुणी निघेलही.

दोन्ही पद्धती एकत्र मात्र करू नका. कॅमेरा फिल्टरमधून मोजत असताना त्याची आयएसओची चकतीही ५० वर आणली, तर तेच तीन स्टॉप दोनदा मिळतात. चकती फिरवायची ती हातातल्या मीटरची. माझ्या फिल्टरच्या डब्यांच्या झाकणांवर मार्करने आकडे लिहिलेले आहेत, ४०० च्या फिल्मसाठी: पिवळा २००, नारिंगी १००, हिरवा १००, लाल ५०.